नावेत उभं राहायचं नाही

आठवणी लिहिण्याइतकं माझं वय झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. आठवणी लिहायच्या त्या केस पिकल्यावर, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायला लागल्यावर, असं लोक म्हणतात. पण तोवर माणूस सगळ्यांना माफ करून मोकळा झालेला असतो. मला त्याआधी लिहायचं आहे. आजवर मी जे लिहिलं ते पत्रकांवर, एका पानात मावेल एवढं. वर मागणी, मध्ये निषेध, खाली मोर्चाची वेळ आणि जमण्याचं ठिकाण. पत्रकाला माणूस चालत नाही, त्याला 'जनता' लागते. माझे तात्या कुठल्याच पत्रकात बसले नाहीत. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कागद फाडला.

तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. वडील माधवनगरला कापडाच्या मागावर कामाला, सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी यायचे आणि आले की मागाच्या खडखडाटानं कान गेल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. म्हणजे घर तसं तात्यांचं आणि काकीचं. त्यांना मूल नव्हतं. आई दिवस उगवायच्या सुमारास नदीपलीकडे रानात जायची, भांगलणीला, ऊस तोडायला, ज्याचं असेल त्याच्याकडे. ती परत येईपर्यंत मला काकीनंच न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, आणि चुलीपुढं बसवून खायला घातलं. गाव कृष्णेच्या एका काठावर आणि गावाची निम्मी जमीन दुसऱ्या काठावर, असा आमचा प्रकार. त्यामुळे तात्यांची नाव म्हणजे गावाचा रस्ताच. सकाळी मला जाग यायची ती पलीकडच्या काठावरून येणाऱ्या हाकेनं. 'ओ तात्याऽऽ' अशी ती हाक पाण्यावरून लांब होत यायची. मग तात्यांचा खोकला, दाराची कडी, आणि थोड्या वेळानं वल्ह्याचा नावेच्या काठाला घासून होणारा कर्र कर्र आवाज. साखर कारखान्याचा भोंगा होईपर्यंत त्यांच्या दोन-चार खेपा झालेल्या असायच्या. ते परत येताना कधी एखादा मरळ मासा घेऊन यायचे. काकी सुकं खोबरं आणि लसूण पाट्यावर वाटायची, रस्सा इतका तिखट करायची की नाक पुसत पुसत जेवावं लागायचं, आणि वर विचारायची, "तिकाट झालं व्हय गं? मग आनि एक भाकरी घे."

गावाची एक रीत होती. नाव नदीच्या मध्यावर आली की वळणामागून घाटावरचं महादेवाचं देऊळ दिसायला लागतं. ते दिसलं की नावेतली सगळी माणसं उठून उभी राहायची. पुरुष टोप्या काढायचे, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या, आणि सगळे त्या एका अंगाला तोंड करून हात जोडायचे. महादेवापुढून बसून जायचं नाही. कुणी सांगितलं, कधीपासून, कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी मीही उभी राहायची, काकीचा पदर धरून. तात्यांची जुनी नाव सागवानी, बूड सपाट, अंगानं रुंद, बैलगाडी चढवली तरी फारशी हलायची नाही. माणसं उभी राहिली की ती किंचित कलायची, आणि माणसं बसली की पुन्हा सरळ व्हायची. तिला त्या रिवाजाची सवय होती म्हणा ना.

ती नाव कुजली. तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होते आणि संघटनेत नुकतीच शिरले होते. 'पूल द्या' म्हणून आम्ही पत्रक काढलं, मोर्चा नेला. पुलाऐवजी गावाला फायबरची बोट मिळाली. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. हलकी, निमुळती, झकपक रंगाची. ती पाण्यात सोडली तेव्हा तात्या एक पाय आत टाकून म्हणाले, "ही लय चपळ हाय गड्यांनो. घोड्यागत." लोक हसले. ती चालवायला शिकवणार कोण, किती माणसं घ्यायची, कशी बसवायची, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. लाईफ जॅकेटं मागाहून येतील म्हणाले. मागाहून पूर आला.

त्या दिवशी मी सांगलीतच होते, एका शाळेत पूरग्रस्तांसाठी पोळ्या मोजून पिशव्यांत भरत होते. गावातली माणसं तात्या बोटीनं उंचावरच्या वस्तीवर नेत होते. दुपारी कुणीतरी येऊन सांगितलं, तुमच्या गावची बोट पालथी झाली. काकी त्या बोटीत होती. आणखीही माणसं होती, त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, कारण त्यांच्या घरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं दुःख छापायचा मला अधिकार नाही. काकी दुसऱ्या दिवशी खाली एका उसाच्या फडात सापडली. बोटीतले एकटे तात्या पोहून निघाले. हेच त्यांच्या अंगाला चिकटलं. नावाडी निघाला आणि बायको गेली.

पुढचे महिने मला आठवतात ते वासानं. ओल्या भिंतींचा, चिखलाचा, फिनेलचा वास. घरात मासा शिजायचा बंद झाला. आमच्याच नव्हे, अख्ख्या गावात. ज्या नदीनं माणसं नेली होती त्या नदीतलं काही खायला कुणाचा हात धजेना. आई पिठलं करायची, नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आणि तात्या त्यातलंही निम्मं ताटात ठेवून उठायचे. चौकशी झाली. कागदावर आलं, 'नावाड्याचा निष्काळजीपणा'. वाचून मी पेटले. बोट कुणी दिली? शिकवलं कुणी नाही? पूल कुणी दिला नाही? गाव तर त्याहून पुढं गेलं. गाव म्हणालं, तात्या पिऊन होता. ज्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो पिऊन होता! मी म्हटलं, "तात्या, बोला की काहीतरी. काय झालं त्या दिवशी?" ते म्हणायचे, "झालं ते झालं सुमे. पाणी लय हुतं." 

पूर ओसरल्यावर सापडलेली बोट पंचायतीच्या आवारात साखळीनं बांधून ठेवली. प्रशिक्षित नावाडी असल्याशिवाय ती पाण्यात सोडायची नाही, असा हुकूम आला. हुकूम बरोबरच होता, फक्त माणसं मेल्यावर आला. पलीकडं जायला लांबच्या पुलावरून वळसा. आईचा निम्मा दिवस चालण्यात जायचा, दोन मुलींचं कॉलेज सुटलं. मी तालुक्याच्या कचेरीत गेले आणि विचारलं, हे प्रशिक्षण कुठं मिळतं? पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडं पाठवलं. दुसऱ्यावरचे साहेब चहा पीत म्हणाले, "ते बंदर खात्याचं काम. मुंबईला विचारा. इथं कुठाय बंदर?" शेजारचे फिस्सकन हसले. मी म्हटलं, "बंदर नाही, पण बुडायला पाणी आहे ना?" हसू थांबलं, पण पत्ता काही मिळाला नाही. मोबाईलवर शोधलं तर गोव्याचे, मुंबईचे वर्ग निघाले. काळे चष्मे घातलेली माणसं, पांढरी शिडं, सगळं इंग्रजीत आणि सगळं समुद्राचं. देशात हौसेनं बोटीत बसणाऱ्याला शिकवायला माणूस आहे, पोटासाठी बसणाऱ्याला नाही. हे वाक्य मी नंतर पत्रकात वापरलं, लोकांना आवडलं, आणि काहीही झालं नाही.

पत्ता शेवटी दिला तो एका एसटी कंडक्टरनं. सातारच्या वर, कोयना धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यावर, पर्यटकांच्या बोटी चालतात. तिथं मुलाणी म्हणून पलटणीतले निवृत्त सुभेदार आहेत, ते बोटवाल्या पोरांना शिकवतात आणि त्यांचा दाखला कचेरीत चालतो. मी तात्यांना म्हटलं, जायचं. ते म्हणाले, "मला काय शिकवत्यात आता? आनि शिकून काय करू? कुनाला न्हेऊ?" मी म्हटलं, "तुम्ही नाही गेलात तर मी एकटी जाते." आई चुलीपुढून म्हणाली, "जावा आवं भावजी. पोरगी एकटी जाईल न्हाईतर. ऐकनाऱ्यातली हाय व्हय ती?" आणि ते उठले.

सातारा सोडून गाडी कासच्या चढाला लागली तेव्हा धुकं इतकं होतं की खिडकीबाहेर फक्त पांढरं. तात्या वाटभर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, पिशवीत आईनं बांधून दिलेल्या दशम्या. एकही खाल्ली नाही. खाली उतरलो तर पाणी निपचित पडलेलं, काळं, डोंगरांच्या मधोमध. आमच्या नदीला आवाज असतो. या पाण्याला आवाजच नव्हता. तात्या म्हणाले, "हे झोपल्यालं हाय," आणि काठापासून लांब जाऊन बसले.

मुलाणी सर बुटके, जाड मिशांचे, खाकी अर्ध्या चड्डीत. वर्गात बाकी सगळी बोटवाली पोरं, एक मी मुलगी आणि एक तात्या. पहिल्याच दिवशी जॅकेट घालायला शिकवलं. एक पट्टा जांघेतून घेऊन घट्ट आवळायचा असतो. मी घुटमळले, पोरं खिदळली. सर ओरडले, "ए, दात आत! आणि तू गं ताई, लाज काठावर ठेवून यायची. पाणी मुलगा-मुलगी बघत न्हाई. पट्टा सोडलास तर जॅकेट वर आणि तू खाली." मग दोर फेकायला शिकवलं, बुडणाऱ्याला पाठीमागून धरायला, वजन वाटून माणसं बसवायला. सर एकच गोष्ट रोज सकाळी म्हणून घ्यायचे, पलटणीत म्हणून घेतात तशी. "नावेत काय करायचं न्हाई?" आणि पोरं ओरडायची, "उभं राहायचं न्हाई!" तात्यांचे ओठ हलायचे नाहीत. सर त्यांना चिडवून बघायचे. "काय पाव्हनं, आमी तळ्यातलं बेडूक, तुमी नदीतलं. आमची गंमत बघाय आलाय व्हय?" तात्या नुसते मान खाली घालायचे. मग सरांनी चिडवणं सोडलं. त्यांना काहीतरी कळलं असावं.

एका सकाळी सरांनी बोट मुद्दाम उलटवायचं ठरवलं. छातीएवढ्या पाण्यात, सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं, भीतीचं कारण नव्हतं. तात्या म्हणाले, मी काठावर थांबतो. आम्ही दोन्ही अंगांना बसलो. सर म्हणाले, "शिट्टी वाजली की सगळ्यांनी उठायचं आणि डाव्या अंगाला वळायचं. बघा काय होतंय." शिट्टी झाली. आम्ही उठलो. मी कल्पना केली होती की नाव हळूहळू कलेल, आपल्याला कळेल, सावरता येईल. तसं काही होत नाही. पायाखालची जमीन कुणी ओढून घ्यावी तसं झालं, आणि नाकातोंडात थंड पाणी. वर आले तेव्हा पोरं खोकत होती, हसत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. आणि तेवढ्यात मला दिसलं, तात्या पाण्यात येत होते. धोतरासकट, जॅकेट नाही, तोंडातून आवाज नाही. त्यांनी पहिल्या पोराची मानगूट धरली आणि काठाकडं ओढत नेलं. ते पोरगं हसत म्हणत होतं, "आवं काका, पाय टेकत्यात! सोडा की!" तात्यांनी त्याला काठावर टाकलं आणि पुन्हा आत वळले. दुसऱ्याला धरलं. तिसऱ्याला. हळूहळू सगळ्यांचं हसू बंद झालं. मला ओढताना त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली, ते वळ आठवडाभर होते. सगळी माणसं काठावर आल्यावरही ते पालथ्या बोटीखाली हात घालून चाचपत राहिले. सर पाण्यात गेले, त्यांना कवेत धरलं आणि म्हणाले, "सगळी आली. मोजून घ्या पाव्हनं. सगळी आली."

चहाच्या टपरीमागं, अंगावर सरांची चादर घेऊन, तात्या पहिल्यांदा बोलले. माझ्याकडं न बघता, चुलीतल्या जाळाकडं बघत. त्या दिवशी देऊळ पुरात बुडालं होतं, नुसता कळस दिसत होता. तो दिसताच काकी उठली. सगळ्यांत आधी काकीच. "म्हनली, द्येव पान्यात गेला आवं. आनि हात जोडलं. मग समदी उठली. मी वराडलो बसा म्हनून. पन द्येवाम्होरं कोन बसतंय?" मी म्हटलं, "मग हे कुणाला सांगितलं का नाही? गाव तुम्हाला दारुडा म्हणतंय तात्या!" ते म्हणाले, "मला म्हनू दे. मी जित्ता हाय. तिला म्हनलं असतं की हिनं बुडवली समद्यास्नी. ती येऊन काय सांगनार हुती?"

आज हे लिहिते आहे ते तात्यांची परवानगी घेऊन. ते म्हणाले, आता लिही, पण ती वाईट नव्हती एवढं लिही. काकी वाईट नव्हती. देव पाण्यात गेलेला बघून जिनं आधी हात जोडले, ती बाई वाईट कशी असेल? वाईट ती बोट, जी न शिकवता हातात दिली, आणि वाईट तो कागद, ज्यावर 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहून फाईल बंद झाली.

कोयनेवरून निघायच्या दिवशी सरांनी दाखले दिले. तात्यांनी त्या सगळ्या शिक्षणात एकच प्रश्न विचारला, तोही तेव्हा. "आनि मानसांनी न्हाईच ऐकलं तर?" सरांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाईच ऐकलं तर दुसऱ्या अंगाला सरकायचं. पार खाली, बुडाशी बसायचं. दगडागत. एक माणूस बसला तरी नाव जरा दम धरती पाव्हनं. पण ऐकवा. ऐकवायचं हेच खरं काम."

गावात देवळापुढं बैठक झाली. मी आधी बोलले, लांबलचक बोलले, हातवारे करून. वजन, तोल, फायबर आणि लाकूड. लोक माझं ऐकतात, कारण मी मोर्चात शिव्या खाल्ल्यात. मग तात्या उठले आणि म्हणाले, "माझ्या नावंत कुनी हुबं ऱ्हायाचं न्हाई. बसून हात जोडा. महादेव बसून बी बघतोय." देवस्थानाचे आबा, पिकल्या मिशांचे, गावात ज्यांचा शब्द चालतो ते, खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "तुझ्या बायकूला न्हेलं म्हनून द्येवावर राग काढतोस व्हय रं? पिऊन नाव बुडवायची आनि आता आमाला द्येवाम्होरं बसवायचं?" मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होते. तात्यांनी माझं मनगट धरलं, पाण्यात धरला होता तसा दंड, आणि दाबलं. मी गप्प बसले. मोर्चात लाठी बघून मी कधी गप्प बसले नाही.

बोट तात्यांना नाही, आबांच्या पुतण्याला मिळाली. त्याचा दाखला कुठून आला, कुणी दिला, मी माहितीच्या अधिकारात विचारलं आहे, उत्तर आलेलं नाही. पोरगा वाईट नाही, दंडात जोर आहे. देऊळ दिसलं की तो स्वतःच वल्हं थांबवतो, माणसांना नीट दर्शन व्हावं म्हणून.

तात्या मात्र रोज सकाळी पहिल्या खेपेला बोटीत चढतात. पलीकडं त्यांचं काही काम नसतं. नारिंगी जॅकेट, जांघेतला पट्टा आवळलेला, पोरं हसतात. देऊळ आलं, माणसं उठून एका अंगाला झाली की तात्या दुसऱ्या अंगाला सरकतात, फळीवरून खाली बुडाशी उतरतात आणि देवळाकडं पाठ करून बसतात, दोन्ही हातांनी काठ धरून. गावानं त्यांच्याशी बोलणं सोडलंय. देवाचा वैरी म्हणतात. मी गावी असले की त्यांच्या शेजारी तशीच बसते. आई आमच्याकडं बघते, देवळाकडं बघते, आणि उभी राहते. तिला मी दोष देत नाही. पुलाच्या मागणीचं पत्रक आम्ही अजून काढतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पाण्याला ओढ होती, बोटीत बाजाराची माणसं जास्त होती. देऊळ दिसलं आणि सगळी उठली. बोट कलली ती थांबेना. मी आणि तात्या बुडाशी आडवेच झालो, मी डोळे मिटले. बोटीच्या पलीकडच्या काठावरून पाणी आत आलं, माणसांच्या पावलांवरून वाहत आमच्यापर्यंत आलं, थंडगार. कुणीतरी किंचाळलं. मग बोट थरथरली, तशीच कलती राहिली, आणि माणसं भराभर खाली बसली तशी सरळ झाली.  मग मागं बसलेल्या एका म्हातारीनं देवळाकडं बघून पुन्हा हात जोडले आणि म्हणाली, "महादेवानं राखलं गं बाई. त्येनंच हात दिला."

बोटीत सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्या म्हातारीकडं वळले. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, पत्र्याचा डबा उचलला आणि आत आलेलं पाणी बाहेर काढायला लागले.